फेडरल हुकूम घटनाबाह्य ठरवायचा अधिकार राज्याच्या विधिमंडळाला आहे का?

प्रश्न असा आला आहे: “मी यूटामध्ये एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे स्थानिक सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, कार्यालयात काम करते. २०२४ साली आमच्या राज्याने कायदा केला, की फेडरल सरकारचा, म्हणजे केंद्राचा, एखादा हुकूम राज्याच्या अधिकारांवर आक्रमण करतो असं विधिमंडळाला वाटलं, तर ते ठराव करून तो राबवायला मनाई करू शकतं. त्याच वर्षी टायटल नाइनच्या, म्हणजे शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणाऱ्या फेडरल कायद्याच्या, नव्या नियमांबद्दल तसा ठराव झालाही. आमच्या टेबलावर दोन्ही बाजूंचे कागद होते. राज्याच्या विधिमंडळाला फेडरल हुकूम घटनाबाह्य ठरवायचा अधिकार खरंच आहे का? आणि माझ्यासारख्या नोकरदार बाईने ऐकायचं कुणाचं?”

मी पुण्यात वकिली शिकले. पुढे अमेरिकेत आल्यावर पश्चिमेकडच्या एका राज्याच्या विधिमंडळात, विधेयकांचे मसुदे करणाऱ्या कार्यालयात चौदा वर्षं काम केलं. आमदाराने कल्पना सांगायची, आम्ही ती कायद्याच्या भाषेत बसवायची आणि कोर्टात ती टिकेल का याची टीप सोबत जोडायची, असं ते काम. अशा प्रकारच्या विधेयकांचे मसुदे माझ्या हातून बरेच गेले आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

थोडक्यात उत्तर असं. विधिमंडळ फेडरल हुकूम तपासू शकतं, त्याबद्दल आपलं मत जाहीर करू शकतं, आणि तो राबवायला आपली माणसं व आपला पैसा द्यायला नकार देऊ शकतं. तो रद्द मात्र करू शकत नाही. असहकार चालतो, अटकाव चालत नाही. पण असहकार कुठे संपतो आणि अटकाव कुठे सुरू होतो ही रेघ दिसते तितकी ठळक नाही. ती न ओळखता आल्यामुळे साध्या माणसांच्या कपाळी गुन्हेगाराचा शिक्का बसलेला मी पाहिला आहे. त्यामुळे जरा मुळापासून सांगते.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक खुलासा. इथला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राज्यपाल नव्हे. तो लोकांनी निवडून दिलेला राज्याचा कारभारी असतो, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा, आणि मंजूर झालेलं विधेयक सहीसाठी त्याच्याकडे जातं.

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या सहाव्या कलमात दोन गोष्टी शेजारी शेजारी लिहिल्या आहेत. पहिली: राज्यघटना, तिला धरून केलेले फेडरल कायदे आणि तह हा देशाचा सर्वोच्च कायदा असेल, आणि प्रत्येक राज्यातले न्यायाधीश त्याने बांधलेले असतील. दुसरी: राज्यांच्या विधिमंडळाच्या सदस्यांनीसुद्धा राज्यघटनेला जागण्याची शपथ घ्यायची. या दुसऱ्या गोष्टीमुळे ‘विधिमंडळाने घटनात्मकतेचा विचारच करू नये’ हे म्हणणं चुकीचं ठरतं. शपथ घेतलेल्या माणसाने विचार केलाच पाहिजे. वाद आहे तो त्या विचारातून निघालेल्या निष्कर्षाने दुसऱ्या कुणाला बांधता येतं का, एवढ्यापुरता.

‘तिला धरून केलेले’ या दोन-तीन शब्दांवर सगळी मदार ठेवणारा एक युक्तिवाद कमिटीच्या खोलीत मी कितीतरी वेळा ऐकला आहे. जो फेडरल कायदा घटनेला धरून नाही तो कायदाच नाही, मग आम्ही तो का पाळावा? यातलं पहिलं वाक्य खरं आहे. पण तो घटनेला धरून आहे की नाही हे ठरवायचं कुणी, हा प्रश्न त्या वाक्याने सुटत नाही. पन्नास विधिमंडळांनी आपापल्या परीने पन्नास उत्तरं दिली, तर ‘देशाचा सर्वोच्च कायदा’ या शब्दांत काही उरत नाही.

आता असहकाराची बाजू पाहू. ही बाजू पक्की आहे, आणि सुप्रीम कोर्टाने ती एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा पक्की केली आहे. तिचं मूळ गुलामगिरीच्या काळात आहे. पळून आलेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा फेडरल कायदा होता. १८४२ मध्ये प्रिग विरुद्ध पेनसिल्व्हेनिया या खटल्यात कोर्टाने गुलाम मालकांच्या बाजूने निकाल दिला, पण त्यातच असंही म्हटलं, की हा फेडरल कायदा राबवण्याची सक्ती राज्याच्या अधिकाऱ्यांवर करता येणार नाही. उत्तरेच्या राज्यांनी ती फट ओळखली. मॅसेच्युसेट्सने १८४३ मध्ये कायदा करून आपल्या न्यायाधीशांना अशा प्रकरणांत हात घालायला आणि आपले तुरुंग वापरू द्यायला मनाई केली. फेडरल कायदा रद्द झाला नव्हता, पण तो राबवणारे स्थानिक हात काढून घेतले गेले.

आधुनिक काळातला पाया १९९२ आणि १९९७ च्या निकालांनी घातला. १९९२ च्या न्यूयॉर्क खटल्यात कोर्टाने सांगितलं, की ‘अमुक कायदा करा’ असा हुकूम काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, राज्याच्या विधिमंडळाला देऊ शकत नाही. १९९७ चा प्रिंट्झ खटला तर मी नव्या सहकाऱ्यांना हमखास वाचायला द्यायचे. १९९३ च्या ब्रेडी कायद्याने पिस्तूल विकत घेणाऱ्या माणसाची पार्श्वभूमी तपासायचं काम, राष्ट्रीय यंत्रणा उभी राहीपर्यंत, स्थानिक पोलिसप्रमुखांवर टाकलं होतं. मुदत कामाचे पाच दिवस. मोंटानातल्या रवाली काउंटीचे (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) शेरीफ, म्हणजे पोलिसप्रमुख, जे प्रिंट्झ आणि ॲरिझोनातल्या ग्रॅहॅम काउंटीचे शेरीफ रिचर्ड मॅक कोर्टात गेले. आम्हाला काउंटीच्या मतदारांनी निवडलं, पगार काउंटी देते, मग वॉशिंग्टनचं काम आमच्या माथी का, असा त्यांचा सवाल. सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांचं म्हणणं मानलं. फेडरल सरकारने आपला कायदा आपल्या माणसांकडून राबवावा; राज्याचे अधिकारी त्याने वेठीला धरू नयेत.

त्या निकालाने काय झालं नाही, हेही पाहा. बंदूक विकणाऱ्या दुकानदारावर आणि विकत घेणाऱ्या माणसावर असलेली फेडरल बंधनं तशीच राहिली. शेरीफची मान सुटली, ग्राहकाची नाही. १९९८ च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय तपासणी यंत्रणा सुरू झाली आणि काम फेडरल माणसं करू लागली.

२०१८ मध्ये न्यू जर्सीच्या खटल्यात हेच तत्त्व आणखी पुढे गेलं. खेळांवरच्या जुगाराला परवानगी देऊ नका, असं १९९२ चा एक फेडरल कायदा राज्यांना बजावत होता. न्यू जर्सीने २०१२ मध्ये परवानगी दिली, ती कोर्टात पडली. २०१४ मध्ये वेगळी शक्कल लढवून आपलीच जुनी बंदी अंशतः उठवली, तीही खालच्या कोर्टात पडली. शेवटी सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की राज्याने अमुक कायदा करावा आणि राज्याने अमुक कायदा करू नये, हे दोन्ही हुकूम सारखेच घटनाबाह्य आहेत. सहा वर्षं लागली, पण न्यू जर्सी जिंकली. आणि ती कोर्टात जिंकली.

हे हत्यार एका पक्षाचं नाही. २०१२ मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्यांच्या मतदारांनी गांजा कायदेशीर केला तो याच आधारावर. फेडरल बंदी तेव्हा कायम होती आणि सुप्रीम कोर्टाने ती २००५ मध्ये उचलूनही धरली होती, पण राज्याने आपले पोलिस त्या कामाला द्यायचं थांबवलं. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये इमिग्रेशनच्या धरपकडीत स्थानिक पोलिसांनी किती मदत करावी यावर मर्यादा घातल्या, त्याही याच आधारावर. बंदुकीच्या बाजूने बोलणारे आणि स्थलांतरितांच्या बाजूने बोलणारे, दोघांच्या वकिलांच्या फायलीत प्रिंट्झचा निकाल असतो.

असहकार संपून अटकाव सुरू झाला की काय होतं, ते कॅन्ससमध्ये दिसलं. हे प्रकरण मी कधी विसरणार नाही. २०१३ मध्ये कॅन्ससच्या विधिमंडळाने कायदा केला, की राज्यात बनलेली आणि राज्यातच राहिलेली बंदूक आणि तिची उपकरणं यांना फेडरल कायदा लागू नाही. तो राबवायला येणाऱ्या फेडरल अधिकाऱ्यावर गुन्हा दाखल करायचीही तरतूद त्यात होती. शनूट नावाच्या छोट्या गावात लष्करी सामान विकणारं एक दुकान होतं. दुकानदार बंदुकीचे सायलेन्सर बनवून विकू लागला. सैन्यातून परतलेल्या एका गिऱ्हाइकाने त्यातला एक घेतला आणि त्याचा व्हिडिओ फेसबुकवर टाकला. लपवाछपवी नव्हती, आपण कायद्याने वागतोय अशी त्याची खात्री होती. पण १९३४ च्या फेडरल कायद्याप्रमाणे सायलेन्सरची नोंदणी लागते आणि तेव्हा त्यावर २०० डॉलरचा करही होता. दोघांवर फेडरल खटला भरला गेला. राज्याचा कायदा आहे म्हणून आम्ही असं वागलो, हा बचाव मांडायचीसुद्धा परवानगी त्यांना मिळाली नाही. दोघे दोषी ठरले आणि २०१८ मध्ये अपील कोर्टाने शिक्षा कायम केली. तुरुंगवास टळला, देखरेखीखाली सोडलं. पण फेडरल कायद्यात असा गंभीर गुन्हा माथी बसला की बंदूक बाळगायचा हक्कच जातो. ज्या हक्काच्या रक्षणासाठी विधिमंडळाने कायदा केला म्हणून सांगितलं, तोच हक्क त्या दोन माणसांनी त्या कायद्यावर विश्वास ठेवून गमावला.

तो कायदा मंजूर करणाऱ्यांपैकी एकाही आमदाराला याची झळ लागली नाही. मसुदा करणाऱ्या वकिलाने रात्री झोपण्यापूर्वी या दोन माणसांची आठवण काढावी, असं मी आमच्या कार्यालयात सांगत असे. आजही माझं मत तेच आहे. विधिमंडळाने लोकांना ‘तुम्हाला फेडरल कायदा लागू नाही’ असं सांगणं म्हणजे स्वतःजवळ नसलेलं संरक्षण वाटणं आहे.

मिझुरीचं उदाहरण मसुद्याच्या दृष्टीने अधिक बारीक आहे. २०२१ मध्ये तिथल्या विधिमंडळाने बंदुकीसंबंधीचे काही फेडरल कायदे राज्यात अवैध असल्याचं जाहीर केलं, आणि ते राबवायला मदत करणाऱ्या पोलिस खात्याला ५०,००० डॉलरचा दंड ठेवला. राज्याच्या वकिलांनी प्रिंट्झचा आधार घेतला: आमच्या पोलिसांना आम्ही मदत करू देत नाही, एवढंच. फेडरल जिल्हा न्यायालयाने २०२३ मध्ये कायदा रद्द केला आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्या भागाच्या (आठव्या सर्किटच्या) फेडरल अपील कोर्टाने तो निकाल उचलून धरला. अपील कोर्टाचं म्हणणं असं, की राज्य मदत नाकारू शकतं, पण ‘हा फेडरल कायदा अवैध आहे’ अशी घोषणा करून, तिच्या पायावर मदत नाकारू शकत नाही.

हा फरक एका वाक्याचा आहे. माझ्याकडे एकदा एक आमदार रात्री उशिरा असाच मसुदा घेऊन आले होते. पहिल्याच कलमात फेडरल नियम ‘शून्यवत व निरर्थक’ असल्याचं लिहिलेलं. मी ते कलम काढलं आणि त्या जागी ‘राज्याचा कोणताही अधिकारी किंवा निधी या नियमाच्या अंमलबजावणीसाठी वापरला जाणार नाही’ एवढंच ठेवलं. ते चिडले. लोकांना पहिलं वाक्य हवं आहे, दुसऱ्याला टाळ्या पडत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना दोन्ही वाक्यं वाचून दाखवली आणि विचारलं, यातलं कोणतं वाक्य उद्या तुमच्या काउंटीच्या क्लार्कला काय करायचं ते नेमकं सांगतं? बराच वेळ कागद हातात धरून ते उभे होते. शेवटी दुसरं वाक्य घेऊन गेले. त्या विधेयकाचं पुढे कमिटीत काही झालं नाही, पण तेव्हापासून असा मसुदा आला की मी आधी क्रियापदं पाहते. ‘वापरणार नाही’, ‘देणार नाही’, ‘खर्च करणार नाही’ ही असहकाराची क्रियापदं. ‘रद्द आहे’, ‘लागू नाही’, ‘अटक करावी’ ही अटकावाची.

इतिहासात दोन्ही बाजूंना आपापला वारसा सापडतो. १७९८ मध्ये सरकारवर टीका करणं गुन्हा ठरवणारा फेडरल कायदा झाला, तेव्हा केंटकी आणि व्हर्जिनियाच्या विधिमंडळांनी निषेधाचे ठराव केले. ते ठराव कुणी लिहिले हे तेव्हा गुप्त होतं. लिहिणारे होते जेफरसन आणि मॅडिसन, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले. आजही अशा प्रत्येक विधेयकाच्या चर्चेत या दोघांची नावं निघतात. पण मॅडिसन यांनी १८०० मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळासाठी जो खुलासा लिहिला तो फारसा कुणी वाचत नाही. राज्यांच्या अशा घोषणा म्हणजे मतप्रदर्शन आहे, लोकांना विचार करायला लावण्यापलीकडे त्यांचा परिणाम नाही, हे त्यांनी त्यात मान्य केलं आहे. तो कायदा ठरावाने गेला नाही. १८०० च्या निवडणुकीत सत्ता बदलली आणि मुदत संपल्यावर तो कुणी वाढवला नाही.

१८३२ मध्ये साउथ कॅरोलिनाने आयातकर रद्द ठरवले तेव्हा प्रकरण सैन्य पाठवण्यापर्यंत गेलं. राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांनी डिसेंबरात जाहीरनामा काढून तो ठराव झिडकारला, पुढच्या मार्चमध्ये बळाचा वापर करायचा कायदा आला, सोबत कर कमी करणारी तडजोडही आली. त्या वेळी हयात असलेल्या म्हाताऱ्या मॅडिसन यांनी साउथ कॅरोलिनाच्या सिद्धांताला स्पष्ट विरोध केला होता.

आणि १९६० चं न्यू ऑर्लिन्स. शाळांमधली वर्णभेदाची भिंत पाडायचा कोर्टाचा हुकूम होता. लुइझियानाच्या विधिमंडळाने खास अधिवेशनं भरवून, राज्य मध्ये उभं राहून फेडरल हुकूम थोपवेल अशा अर्थाचे कायदे केले. नोव्हेंबरमध्ये रुबी ब्रिजेस नावाची सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी फेडरल मार्शलांच्या पहाऱ्यात शाळेच्या पायऱ्या चढली. बाहेर गर्दी ओरडत होती. त्याच महिन्यात फेडरल कोर्टाने ते कायदे फेटाळले आणि डिसेंबरात सुप्रीम कोर्टानेही स्थगिती नाकारली. राज्याने असं मध्ये उभं राहणं हा घटनात्मक सिद्धांतच नाही, हे तेव्हापासून ठरलेलं आहे. विधिमंडळांना निवाड्याचा अधिकार द्यावा असं कुणी कळकळीने सांगू लागलं, की माझ्या डोळ्यांसमोर त्या पायऱ्या येतात. तो अधिकार त्या वर्षी खरंच विधिमंडळांकडे असता, तर रुबी त्या पायऱ्या चढलीच नसती.

पण यावरून फेडरल हुकूम तपासणाऱ्या प्रत्येक विधेयकाला वर्णद्वेषाचं लेबल लावणंही मला पटत नाही. मॅसेच्युसेट्सचा १८४३ चा कायदा आठवा. शिवाय सगळी तपासणी विधेयकं रद्द करण्याची भाषा करतात असंही नाही. ओक्लाहोमाने २०२१ मध्ये जो कायदा केला त्यात विधिमंडळाने राष्ट्राध्यक्षांचे आदेश, फेडरल खात्यांचे नियम वगैरे तपासायचे आणि कोर्टात दाद मागण्यासारखं काही वाटलं तर राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाकडे, तशी शिफारस करायची, असा मार्ग आहे. हा मार्ग मला निर्धोक वाटतो. विधिमंडळाकडे कर्मचारी आहेत, सुनावण्या घ्यायची सोय आहे, हुकुमाचा खर्च गावोगावच्या कार्यालयांवर किती पडतो ते शोधायची ताकद आहे. ती माहिती पुढे खटल्यात उपयोगी पडते, आणि निवाडा कोर्टाकडेच राहतो.

आता पैशाकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे. बहुतेक फेडरल ‘हुकूम’ हे तांत्रिक अर्थाने हुकूम नसतातच, अटी असतात: पैसे घ्या, आणि हे पाळा. १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने साउथ डकोटाला सांगितलं, की दारू पिण्याचं किमान वय २१ ठेवलं नाही म्हणून रस्त्यांच्या निधीतले पाच टक्के रोखणं घटनेत बसतं. २०१२ मध्ये त्याच कोर्टाने आरोग्य कायद्याच्या खटल्यात उलट सांगितलं: गरिबांच्या वैद्यकीय योजनेचा विस्तार मान्य केला नाही तर योजनेचा सगळाच जुना निधी काढून घेऊ, ही धमकी आहे आणि ती चालणार नाही. पाच टक्के म्हणजे आमिष, सगळा निधी म्हणजे दमदाटी; मधली रेघ नेमकी कुठे, ते कोर्टाने आकड्यात सांगितलेलं नाही.

असहकाराची खरी ताकद पाहायची असेल तर खिशातलं ड्रायव्हिंग लायसन्स काढा. वरच्या कोपऱ्यात तारा आहे? तो रिअल आयडीचा, म्हणजे फेडरल निकषांवर उतरलेल्या लायसन्सचा. २००५ मध्ये काँग्रेसने तो कायदा केला आणि लायसन्स देताना कोणते कागद तपासायचे ते ठरवून दिलं. खर्च राज्यांवर. २००७ च्या जानेवारीत मेन राज्याच्या विधिमंडळाने पहिला नकाराचा ठराव केला, पाठोपाठ वीसहून जास्त राज्यांनी ठराव किंवा कायदे केले. कुणालाही फेडरल कायदा रद्द करावा लागला नाही. राज्यांची लायसन्स कार्यालयं हलली नाहीत आणि वॉशिंग्टनकडे लायसन्स छापायची खिडकी नव्हती. मुदत २००८ ची होती, ती पुढे पुढे जात अखेर ७ मे २०२५ ला विमानतळावर अंमल सुरू झाला. सतरा वर्षं. इमिग्रेशनचे कागद घेऊन लायसन्सच्या रांगेत उभ्या राहिलेल्या आपल्या मराठी मंडळींना ही सतरा वर्षं चांगली आठवत असतील. या राज्यात हा कागद चालतो, त्या राज्यात नाही, असा गोंधळ त्यातलाच. शेवटी राज्यांना वळावं लागलं, कारण विमानात चढू द्यायचं की नाही हे फेडरल सरकारच्या हातात होतं.

आता तुमचं यूटा. २०२४ च्या जानेवारीअखेर गव्हर्नरांनी सही केलेला कायदा असं सांगतो, की फेडरल हुकूम राज्याच्या सार्वभौमत्वाच्या तत्त्वांना बाधा आणतो असं वाटल्यास दोन्ही सभागृहं ठराव करून राज्यातल्या सरकारी अधिकाऱ्यांना तो राबवायला मनाई करू शकतात. भाषा भारदस्त असली तरी क्रियापद असहकाराचं आहे: आमचा अधिकारी राबवणार नाही. एप्रिल २०२४ मध्ये फेडरल शिक्षण खात्याने टायटल नाइनचे नवे नियम काढले, १ ऑगस्टपासून लागू होणारे. जूनच्या खास अधिवेशनात यूटाने त्यावर ठराव केला. पण त्याच सुमारास राज्य कोर्टातही गेलेलं होतं, आणि २ जुलैला कॅन्ससमधल्या फेडरल कोर्टाने यूटासह चार राज्यांपुरती त्या नियमांना मनाई दिली. जानेवारी २०२५ मध्ये केंटकीतल्या फेडरल कोर्टाने ते नियम देशभरासाठीच रद्द केले. म्हणजे तुमच्या डिस्ट्रिक्टला खरं संरक्षण मिळालं ते कोर्टाच्या हुकमाने. नुसता ठराव असता आणि मनाई नसती, तर फेडरल निधी रोखायची कारवाई सुरू होऊ शकली असती, आणि ठराव तिथे ढाल म्हणून पुढे करता आला नसता.

शिवाय यूटाने नाकारले ते २०२४ चे नियम. १९७२ चा टायटल नाइन कायदा तसाच उभा आहे आणि त्याखालचे २०२० चे नियम चालू आहेत. एखाद्या मुलीने छळाची तक्रार आणली आणि कुणी म्हणालं, ‘आपल्या राज्याने टायटल नाइन नाकारलंय’, तर ते साफ चूक आहे. त्या विद्यार्थिनीला १९७९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे संस्थेवर थेट खटला भरता येतो. तिचा हक्क काँग्रेसच्या कायद्यातून येतो. तो काढून घेणं विधिमंडळाच्या हातात नाही.

काही जणांनी भारताशी तुलना करून विचारलं आहे, तर थोडं त्याबद्दल. आपल्याकडे उलटं आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २५६ प्रमाणे राज्याने आपला कारभार संसदेच्या कायद्यांचं पालन होईल अशाच रीतीने चालवायचा असतो, आणि अनुच्छेद २५८ प्रमाणे संसद राज्याच्या अधिकाऱ्यांवर थेट कामं सोपवू शकते. त्याचा जादा खर्च केंद्राने द्यायचा, असंही तिथेच लिहिलं आहे. म्हणजे प्रिंट्झसारखा निकाल भारतात लागायला जागाच नाही. केरळ विधानसभेने ३१ डिसेंबर २०१९ ला नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध ठराव केला तो मतप्रदर्शनच होता, म्हणून तर राज्याला पुढच्याच महिन्यात अनुच्छेद १३१ खाली सुप्रीम कोर्टात जावं लागलं. महाराष्ट्राने जुलै २०२१ मध्ये केंद्राच्या शेती कायद्यांवर तीन दुरुस्ती विधेयकं मांडली, तो तिसराच मार्ग: समवर्ती विषयावर राज्याचा वेगळा कायदा, आणि तो टिकायला राष्ट्रपतींची संमती. पुढे केंद्रानेच ते कायदे मागे घेतल्याने त्या मार्गाची परीक्षा झाली नाही.

तर तुमच्या टेबलावर पुन्हा असे दोन कागद आले, तर आधी पाहा की राज्याचा कागद कुणाला उद्देशून आहे. तो तुम्हाला, म्हणजे राज्याच्या नोकराला, ‘हे काम करू नका’ सांगत असेल तर तो तुम्हाला बांधतो. स्कूल डिस्ट्रिक्ट ही राज्याचीच संस्था आहे. तो पालकांना, शिक्षकांना किंवा दुकानदारांना ‘फेडरल कायदा तुम्हाला लागू नाही’ सांगत असेल, तर त्यावर कुणी विसंबू नये, आणि तुम्हीही तसं कुणाला सांगू नका. मग फेडरल कागद पाहा: तो काँग्रेसचा कायदा आहे, खात्याचा नियम आहे, की नुसतं मार्गदर्शनपर पत्र आहे? त्याला निधीची अट जोडलेली आहे का? आणि त्यावर तुमच्या राज्यापुरता कोर्टाचा मनाई हुकूम आहे का? हा शेवटचा प्रश्न डिस्ट्रिक्टच्या वकिलाला विचारा. तोंडी विचारू नका, ईमेल करा आणि उत्तरही लेखी मागा. ‘वरून सांगितलंय’ एवढ्यावर फॉर्म बदलू नका, तक्रार परत पाठवू नका. ठरावाची प्रत, मनाई हुकमाची प्रत आणि वकिलाचं उत्तर एकाच फायलीत तारखेनिशी लावून ठेवा. मनाई उठली किंवा बदलली की त्याच दिवशी नवा कागद त्यावर आला पाहिजे.